पुण्यात राहून जोडीदाराचा अमेरिकी इमिग्रंट व्हिसा: फाइल नेमकी कुठे अडते

‘आय-१३० मंजूर झाला, आता तिकिटं काढायची का?’ असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. नाही, काढू नका. नोकरीचा राजीनामा देऊ नका, घरमालकाला नोटीसही देऊ नका. आय-१३० म्हणजे अमेरिकी नागरिकाने जोडीदारासाठी करायचा पहिला अर्ज. तो मंजूर होणं म्हणजे तुमचं लग्न खरं आहे, एवढंच अमेरिकी सरकारने मान्य केलं. व्हिसा अजून दोन टप्पे लांब आहे, आणि पुण्यात राहणाऱ्यांच्या फायली अडतात त्या याच दोन टप्प्यांत.

मी वकील नाही. आमच्या घरातली एक फाइल अशीच रखडली होती. तेव्हापासून ओळखीतल्या लोकांचे कागद पाठवण्याआधी मी वाचून देते. चुका त्याच त्या असतात आणि माणसं प्रत्येक वेळी नव्याने रडकुंडीला येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही माहिती अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांच्यात एक जण अमेरिकी नागरिक आहे आणि दोघंही सध्या पुण्यात राहतात. कुणी तिकडे जन्मून लहानपणीच इकडे आलेलं असतं, कुणी नोकरीत असताना नागरिक होऊन आई-वडिलांसाठी परत आलेलं असतं. तुमच्याकडे नागरिकत्व नसून फक्त ग्रीन कार्ड असेल, तर तुमचा रस्ता वेगळा आहे. जोडीदाराला एफ२ए वर्गाच्या रांगेत थांबावं लागतं, आणि पुण्यात मुक्काम लांबला तर तुमचं स्वतःचं ग्रीन कार्डच धोक्यात येतं. तुम्ही आधी वकील गाठा.

अर्ज कुठे करायचा

पूर्वी परदेशातल्या काही कार्यालयांत आय-१३० थेट देता यायचा. १ फेब्रुवारी २०२० पासून नेहमीच्या प्रकरणांसाठी ती सोय बंद झाली. तरीही ‘मुंबई कॉन्सुलेटमध्ये नेऊन दिला की लवकर होतं’ हा सल्ला अजून ऐकू येतो. आता अर्ज यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा किंवा कागदी अर्ज अमेरिकेला पाठवायचा. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइनची फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर आहे. भरण्याआधी एकदा तपासून घ्या. सोबत जोडीदाराच्या माहितीचा फॉर्म आय-१३०ए, दोघांचे दोन बाय दोन इंचाचे फोटो, नागरिकत्वाचा पुरावा, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत. हे सगळं सरळ आहे.

सरळ नाही तो ‘एकत्र राहता याचा पुरावा’. नमुन्याच्या यादीत भाडेकरार, गृहकर्ज, दोघांच्या नावची बिलं असं असतं. आता सदाशिव पेठेत सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या सुनेने भाडेकरार कुठून आणायचा? घर सासऱ्यांचं, वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावावर. घाबरून जाऊ नका आणि एजंट सांगतो म्हणून खोटा लिव्ह अँड लायसन्स करार तर मुळीच करू नका. दोघांचं संयुक्त बँक खातं उघडा आणि ते खरोखर वापरा. विम्यात आणि पीएफमध्ये एकमेकांना वारस नेमा. शिधापत्रिकेत नाव चढवा, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव लावून घ्या. सासऱ्यांचं साधं प्रतिज्ञापत्र जोडा की हे दोघं अमुक तारखेपासून आमच्याकडे राहतात. लग्नाचा अख्खा अल्बम पाठवायची गरज नाही. लग्नाआधीचे, लग्नातले आणि नंतरचे असे पंधरा-वीस फोटो पुरतात, मागे तारीख आणि कोण कोण आहे ते लिहिलेलं.

एका बाईची चार नावं

हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं तिसरं, आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याचं नाव आल्याने चौथं. आपल्या आत्या-मावशांना यात काही वावगं वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला त्या चार वेगळ्या बायका दिसतात. आजवर वापरलेलं प्रत्येक नाव आय-१३० मध्ये आणि पुढे डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जामध्ये ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा, माहेरचं तर लिहाच. पहिलं नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत जोडा. राजपत्रात बदल केलेलाच नसेल, तर अर्ज पाठवण्याआधी करून घ्या. नंतर धावपळ होते.

मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या मजकुरासकट. भाषांतरकाराने खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. एवढंच. नोटरीची अट नाही, तरी लोक पानापानाला पैसे देऊन नोटरी करून आणतात आणि भाषांतरकाराचं ते एक वाक्य मात्र विसरतात.

एनव्हीसी आणि चुकीची वाचलेली मुदत

मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. मुंबईच्या प्रकरणांचा क्रमांक बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईतच होतात, तेव्हा पुण्याचा पत्ता असला काय आणि पाटण्याचा असला काय, फरक पडत नाही. इथे दोन फिया भरायच्या, ३२५ डॉलर आणि १२० डॉलर. त्या अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच भराव्या लागतात, इथलं कार्ड चालत नाही. परत येताना खातं बंद करून आलेले लोक इथे हमखास अडकतात. खातं असेल तर ते जपा. पुढेही ते उपयोगी पडणार आहे.

एक वर्षाच्या मुदतीबद्दल तर कळवळून सांगावंसं वाटतं. एनव्हीसीची सूचना आल्यापासून वर्षभरात तुमच्याकडून काहीच हालचाल झाली नाही, तर प्रकरण रद्द होऊ शकतं. लोक याचा अर्थ ‘सगळे कागद वर्षभरात पूर्ण झाले पाहिजेत’ असा घेतात आणि घाईत अर्धवट कागद चढवतात. किंवा उलटं, सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाची दहावी असं करत गप्प बसतात. कागद तयार नसले तरी वर्षाच्या आत प्रकरणाच्या ऑनलाइन खात्यात लॉग-इन करा, निरोप पाठवा, फी भरा. हालचाल दिसली पाहिजे.

डोमिसाइल: सगळ्यात मोठी अडचण

आता मूळ मुद्दा. आय-८६४ हे आर्थिक आधाराचं हमीपत्र अमेरिकी जोडीदाराने भरायचं असतं, आणि त्यात तुमचं वास्तव्याचं मूळ ठिकाण, म्हणजे डोमिसाइल, अमेरिका असावं लागतं. तुम्ही तर कोथरूडला राहता. इथे बहुतेकांचा समज असा की न्यू जर्सीच्या काकांनी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे उत्पन्नाची हमी घेणारा दुसरा माणूस, म्हणून सही केली की झालं. काकांची सही उत्पन्नाची कमी भरून काढते, डोमिसाइलची नाही. अर्ज करणारा तुम्हीच आहात, तेव्हा तुमचं डोमिसाइल तुम्हालाच दाखवावं लागतं. चांगल्या पगाराच्या काकांची फाइल जोडूनही प्रकरण मागे आलेलं मी पाहिलं आहे, केवळ अर्जदाराने अमेरिकेच्या पत्त्याच्या जागी बाणेरचा पत्ता लिहून पुढे काहीच जोडलं नव्हतं म्हणून.

अमेरिकी सरकारच्या किंवा अमेरिकी कंपनीच्या कामासाठी तुम्ही इथे तात्पुरते आला असाल, तर डोमिसाइल तिकडेच आहे असं धरलं जाऊ शकतं. पण कंपनी अमेरिकी आहे एवढ्यावर हिंजवडीत कायमची नोकरी करणाऱ्याला ते लागू होत नाही. नेमणूक तात्पुरती असल्याचं कंपनीचं पत्र लागतं.

बाकीच्यांनी आपण परत जाऊन तिथे घर मांडणार आहोत हे दाखवायचं, तेही जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्यासोबत. ‘तिला पुढे पाठवतो, मी वर्षभराने येतो’ हे चालत नाही. तोंडी इरादाही पुरत नाही. अमेरिकेतलं चालू बँक खातं, तिकडच्या निवडणुकीत टपाली मतदान, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीसाठी केलेले अर्ज किंवा ऑफर लेटर, भाऊ-बहीण ‘आमच्याकडे राहतील’ असं लिहून देत असेल तर ते पत्र आणि त्यांच्या घराचा पुरावा, मुलांच्या शाळेची चौकशी, सामान हलवणाऱ्यांचं कोटेशन. यातलं एकेकटं काही सिद्ध करत नाही, पण पाच-सहा गोष्टी एकत्र आल्या की चित्र तयार होतं. सोबत एका पानाचं साधं पत्र लिहा: केव्हा जाणार, कुठे राहणार, पोट कशावर भरणार.

उत्पन्नाचंही इथेच सांगते. तुमचा पुण्यातला पगार मोजला जात नाही, जोवर तीच नोकरी अमेरिकेत गेल्यावरही चालू राहणार नाही. त्यातून परदेशी उत्पन्नाची वजावट घेऊन टॅक्स रिटर्न भरलेलं असेल, तर एकूण उत्पन्नाच्या रकान्यात शून्य दिसू शकतं आणि माणूस चक्रावतो. म्हणून बहुतेकांना जॉइंट स्पॉन्सर लागतोच. गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं. २०२५च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबाला २६,४३७ डॉलर. काकांच्या घरात चार माणसं असतील तर तुमचा जोडीदार धरून पाच होतात आणि आकडा ४७ हजारांच्या वर जातो. हा हिशेब आधी करा, मगच काकांना विचारा. आणि कशावर सही करताय तेही त्यांना सांगा: ही जबाबदारी तुमचा जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्यांचं श्रेय मिळेपर्यंत टिकते. तुमचा घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.

पुण्यातला फ्लॅट दाखवता येतो, पण तो वर्षभरात विकून पैसा बाहेर नेता येईल हे दाखवावं लागतं, आणि नागरिकाच्या जोडीदारासाठी मालमत्तेची किंमत उत्पन्नातल्या तुटीच्या तिप्पट हवी.

नागरिक पुण्यात राहत असला तरी ठरावीक मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर अमेरिकी रिटर्न भरावं लागतं, हे कित्येकांना इथे पोहोचल्यावर कळतं. राहून गेलं असेल तर लपवू नका. अजाणतेपणी राहिलेल्यांसाठी तीन वर्षांची रिटर्न भरून सुरळीत होण्याची सोय आहे. परदेशातले कर जाणणाऱ्या सीएला गाठा.

पोलिसांचा दाखला आणि आजोळचा जन्म

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट कार्यालयाचंच लागतं. पोलीस आयुक्तालयाचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, मग ते पुण्याचं असो की पिंपरी-चिंचवडचं, इथे चालत नाही. नाव सारखं, काम सारखं, त्यामुळे लोक रांगा लावून तेच आणतात आणि महिने वाया जातात. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून मुंढव्याच्या केंद्रात जायचं, फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पुन्हा पोलीस पडताळणी होते. जोडीदार वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आणखी एखाद्या देशात वर्ष किंवा जास्त राहिला असेल, समजा दुबईत नोकरीला, तर तिथलाही दाखला लागतो. इथल्या दाखल्याची मुदत दोन वर्षं धरतात, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

जन्मदाखल्याची गोष्ट निराळी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाळाची नोंद पुणे महापालिकेत नसते, सातारा किंवा सोलापूरकडच्या एखाद्या नगरपालिकेत असते. दवाखान्याने बारशाआधीच नोंद केली, म्हणून नावाचा रकाना कोरा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ खाली नाव नंतर घालता येतं, पण जन्माला पंधरा वर्षं उलटून गेली की निबंधक हात वर करू शकतो. तेव्हा कोरा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माच्या वेळी जाणत्या असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा संच करा. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा लेखी दाखला घ्या. तो द्यायला एका कार्यालयात आम्हाला चार खेपा घालायला लावल्या, दर वेळी ‘नाहीये म्हणून सांगितलं ना’ म्हणत. तोंडी ‘नाही’ कुठेच चालत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. आई-मावशी हयात असेपर्यंत ही प्रतिज्ञापत्रं करून घ्या, हे मी हात जोडून सांगते.

मुलाखत आणि त्यानंतर

वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरकडेच होते, फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट उपयोगाचा नाही. पूर्वी क्षयरोग झालेला असेल किंवा एक्स-रेत डाग दिसला, तर थुंकीची कल्चर तपासणी होते. तिला साधारण आठ आठवडे लागतात, तेव्हा तपासणी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. मुलाखत बीकेसीत. मोबाइल आत नेता येत नाही. आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करा, द्रुतगती मार्गाच्या भरवशावर पहाटे निघू नका. सगळे मूळ कागद सोबत ठेवा, अपलोड केलेले असले तरी.

२२१(जी) लिहिलेला कागद हातात ठेवला तर तो कायमचा नकार नव्हे. काहीतरी कमी आहे, ते मागितलं आहे. पण त्यालाही एका वर्षाची मुदत असते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने तो कागद नकार समजून कपाटात ठेवून दिला होता.

व्हिसा मिळाल्यावर २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरा. मग तारखा पाहा. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून घेण्याचा अर्ज आय-७५१ भरावा लागतो. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर आयआर-१, दहा वर्षांचं. दिवस मोजला जातो तो उतरण्याचा, मुलाखतीचा नाही. लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर असेल आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर प्रवास तेवढे दिवस पुढे ढकला. व्हिसावर सीआर-१ छापलं असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाहाचं प्रमाणपत्र दाखवून आयआर-१ म्हणून नोंद करायला सांगा, आणि शिक्का तिथेच, खिडकीसमोर उभं असतानाच वाचून घ्या.