मलप्रभेचे उतार

मलप्रभा नदी पायी, बैलगाडीने किंवा होडीने ओलांडण्याच्या बेळगाव जिल्ह्यातील जुन्या जागा. नदीत पाय टेकतो ती जागा म्हणजे उतार, आणि पूर ओसरून नदी ओलांडण्याजोगी झाली तरी 'उतार झाला' असेच म्हणतात. पूल नव्हते तेव्हा मोहिमांचे वेळापत्रक याच शब्दावर ठरे. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, त्यामागे नद्यांचे हेही कारण होतेच.

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथे ती ओढ्याएवढी असते. सौंदत्ती-मुनवळ्ळीपर्यंत पोहोचताना मात्र तीच नदी आषाढात अख्खे सैन्य अडवून धरी.

१८०० साली हे ठळकपणे दिसले. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडल्यावर तिथल्या तुरुंगातून सुटलेल्या धोंडिया वाघाने मोठी फौज जमवली होती. जूनअखेर त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना लढाईत मारले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली धोंडियाच्या पाठलागावर होता. ३० जुलैला मुनवळ्ळीसमोर, मलप्रभेच्या उजव्या तीरावर, धोंडियाचा तळ नदी ओलांडण्याच्या खटपटीत असतानाच त्याने गाठला. पाठीशी भरलेली नदी आणि पूल नाही, त्यामुळे पळायला वाटच उरली नाही. सुमारे पाच हजार माणसे नदीत लोटली जाऊन बुडाली, असे वेलस्लीनेच पत्रात लिहिले आहे. आकडा विजेत्याचा आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. सहा तोफा आधीच पैलतीरी पोहोचल्या होत्या. काही गोरे शिपाई पोहत गेले आणि त्यांनी त्या काबीज केल्या.

खुद्द धोंडिया निसटला. दुथडी भरलेल्या नदीशी झगडत न बसता तो उगमाकडच्या रानातून, पात्र अरुंद आहे तिथून, वळसा घालून गेला. खानापूरकडचे जंगल ज्याने पावसात पाहिले आहे त्याला या वाटेचे मोल कळेल. १० सप्टेंबरला कोनगलजवळ तो मारला गेला.

वेलस्लीची भिस्त टोपलीसारख्या गोल होड्यांवर होती. बांबूच्या कामट्या विणून वर कातडे मढवलेल्या या होडीला कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात. होड्यांची सोय हाताशी असेल तर भर पावसाळा हाच मराठी घोडदळाशी लढण्याचा उत्तम हंगाम, हे मत त्याने पुढे मांडले.

आता खानापूरला रेल्वे मलप्रभा पुलावरून ओलांडते, आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचे धरण आहे.