सॉफ्टकार्ड

सॉफ्टकार्ड : अ‍ॅपल टू या घरगुती संगणकावर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवता यावी म्हणून मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८० मध्ये विक्रीस आणलेले कार्ड, म्हणजे संगणकात बसवायची जादा सर्किटची पाटी. सुरुवातीला त्याच्या नावात झेड-८० हा, त्यावरच्या प्रोसेसरचे नाव असलेला, शब्दही होता. पुढे तो गळला. एका संगणकाची प्रणाली दुसऱ्यावर चालवताना आज बहुधा सॉफ्टवेअरकडून प्रोसेसरची नक्कल करवून घेतात. सॉफ्टकार्डात नक्कल नव्हती. कार्डावर खराखुरा दुसरा प्रोसेसर होता आणि तो यजमान संगणकाचीच मेमरी, डिस्क व पडदा वापरत असे.

त्या काळी छोट्या संगणकांच्या जगात उघड दोन तट होते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेली सीपी/एम इंटेल ८०८० या प्रोसेसरसाठी होती आणि ८०८०च्या सगळ्या आज्ञा समजणाऱ्या झायलॉगच्या झेड-८० वरही ती चालत असे. वर्डस्टारसारखा शब्दसंस्कारक, पुढे डीबेस टू ही माहितीसाठ्याची प्रणाली, शिवाय अनेक भाषांचे कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) असे कार्यालयीन कामाचे बरेच सॉफ्टवेअर तिच्यासाठी लिहिले गेले होते. १९७७ मध्ये आलेल्या, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी रचलेल्या अ‍ॅपल टूमध्ये मात्र ६५०२ हा प्रोसेसर होता. त्याचा आज्ञासंच पूर्णपणे वेगळा असल्यामुळे सीपी/एमचा एकही प्रोग्रॅम त्यावर चालणे शक्य नव्हते.

मायक्रोसॉफ्टची अडचण याच दरीतून आली. कंपनीच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा ८०८०साठी लिहिलेल्या होत्या आणि त्या एकेक करून ६५०२ साठी पुन्हा लिहिणे म्हणजे प्रचंड खटाटोप होता. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा यंत्रच बदलावे, ही कल्पना कंपनीचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांची. अ‍ॅपल टूच्या मुख्य पाटीवर जोडकार्डांसाठी आठ खाचा होत्या, म्हणून हे शक्य झाले. पहिला नमुना सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सच्या टिम पॅटरसन यांनी बनवला.

कार्डाची खरी करामत पत्त्यांच्या, म्हणजे मेमरीतल्या जागांच्या क्रमांकांच्या, फेरमांडणीत आहे. सीपी/एमला मेमरी अगदी शून्य पत्त्यापासून हवी असते. तळाच्या २५६ बाइटांत तिची स्वतःची नोंदवही असते आणि वापरकर्त्याचा प्रोग्रॅम त्यानंतर लगेच सुरू होतो. अ‍ॅपल टूमध्ये नेमकी तीच जागा अडलेली असे, कारण ६५०२ ला लागणारे शून्य पान (पहिले २५६ बाइट), स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) आणि पडद्यावरच्या अक्षरांची मेमरी पहिल्या ४ किलोबाइटांत होती. म्हणून झेड-८० ने मागितलेल्या पत्त्यात कार्ड परस्पर ४०९६ मिळवत असे. झेड-८० ला जो शून्य वाटे, तो अ‍ॅपलच्या लेखी ४०९६ असे, आणि अ‍ॅपलचे पहिले ४ किलोबाइट झेड-८० ला सगळ्यांत वर, ६० किलोबाइटांच्या पुढे दिसत. एवढ्यावर भागत नव्हते. अ‍ॅपलच्या ४८व्या किलोबाइटापासून ४ किलोबाइटांचा पट्टा जोडकार्डे आणि उपकरणांसाठी राखीव असल्याने सलग मेमरीत मध्येच भोक पडत असे. कार्ड हा पट्टा उचलून वर नेई आणि त्याच्या पलीकडची १२ किलोबाइट मेमरी खालच्या ४४ किलोबाइटांना जोडून देई. अशा रीतीने १६ किलोबाइटांचे लँग्वेज कार्ड, म्हणजे जादा मेमरीचे कार्ड, असलेल्या अ‍ॅपलवर सीपी/एमला ५६ किलोबाइटांचा सलग पट्टा मिळाला. ते नसेल तर ४४ किलोबाइटांवर भागवावे लागे. मोजक्या लॉजिक चिपांवर साधलेली ही अदलाबदल त्या काळच्या सर्वांत देखण्या हार्डवेअर युक्त्यांपैकी एक मानायला हवी.

दोन प्रोसेसर एकाच मेमरीवर एकाच वेळी हक्क सांगू शकत नाहीत, म्हणून ते आळीपाळीने काम करीत. कार्ड ज्या खाचेत असेल तिच्या ठरलेल्या पत्त्यावर काहीही लिहिले की ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जाई. प्रोग्रॅम चालवणे हे झेड-८० चे काम. डिस्क वाचायची वेळ आली की ६५०२ ला पाचारण करावे लागे. वॉझ्निअ‍ॅक यांच्या डिस्क नियंत्रकात इलेक्ट्रॉनिक भाग फार कमी होते आणि डिस्कवरचे बिट उलगडण्याचे काम ६५०२ च्या नेमक्या वेगाशी बांधलेला प्रोग्रॅम करी. वेगळ्या घड्याळावर धावणाऱ्या झेड-८० ला ते जमणारे नव्हते. सीपी/एमची घडणच अशी होती, की यंत्राशी थेट बोलणारा भाग बायोस म्हणून वेगळा ठेवलेला असे. म्हणून ही सगळी देवघेव बायोसमध्ये लपवता आली आणि वरच्या प्रोग्रॅमना तिचा पत्ताही लागला नाही. किल्डॉल यांच्या दूरदृष्टीची याहून चांगली परीक्षा क्वचितच झाली असेल.

तरीही काही गैरसोयी उरल्याच. मूळ अ‍ॅपल टू एका ओळीत ४० अक्षरे आणि तीही केवळ मोठ्या लिपीतली दाखवी. वर्डस्टारसाठी ८० अक्षरांचे आणखी एक कार्ड घ्यावे लागे. डिस्कची अडचण अधिक जाचक होती. सीपी/एमच्या जगात देवघेवीचे माध्यम ८ इंची डिस्क हे होते, तर अ‍ॅपलच्या सव्वापाच इंची डिस्कवरची नोंदपद्धत इतरांहून निराळी होती. म्हणजे प्रोसेसर जुळला तरी दुकानातली कोणतीही डिस्क आणून चालत नसे. प्रोग्रॅम अ‍ॅपलच्या स्वरूपात विकत घ्यावा लागे किंवा दुसऱ्या संगणकावरून तारेने उतरवून घ्यावा लागे.

कार्ड, सीपी/एम आणि मायक्रोसॉफ्टची बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा मिळून किंमत ३४९ डॉलर होती. मागणी जोरात आली आणि १९८० मध्ये कंपनीला सर्वाधिक उत्पन्न याच कार्डाने मिळवून दिले. आयबीएमने आपल्या नव्या संगणकासाठी मायक्रोसॉफ्टकडे सीपी/एमची विचारणा केली, तिच्यामागेही सॉफ्टकार्डामुळे झालेला गैरसमज होता असे सांगितले जाते. प्रत्यक्षात सीपी/एमची मालकी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च या कंपनीकडे होती. पॅटरसन यांनी त्याच वर्षी इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरसाठी लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये विकत घेतली आणि ती एमएस-डॉस झाली.

सॉफ्टकार्डानंतर या वाटेने बरेच जण गेले. पीसीपीआय या कंपनीच्या अ‍ॅप्लीकार्डावर झेड-८० बरोबर स्वतंत्र मेमरीही असल्याने ते बरेच वेगवान होते. ब्रिटनमधील बीबीसी मायक्रोला बाहेरून झेड-८० ची पेटी जोडता येई, तर १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये तो आतच बसवलेला होता. विंडोजवर अ‍ॅपल टूची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपलविन या प्रोग्रॅममध्ये सॉफ्टकार्डाचीही सोय असल्याने मूळ कार्ड जवळ नसतानाही त्याची सीपी/एम आज चालवून पाहता येते.