लाडाचा सूर आणि बोबडं बोलणं

बाळाशी बोलताना आवाज आपोआप चढतो आणि 'कोऽण आलंय?' असा हेल निघतो. लगेच कुणीतरी टोकतं, 'बोबडं बोलू नका, पोर तेच शिकेल.' टोकणाऱ्याचा हेतू चांगलाच, पण त्याची दोन गोष्टींत गल्लत होतेय.

हेल काढून, सावकाश, शब्द सुटे करत बोलणं म्हणजे बोबडं बोलणं नव्हे. त्यात शब्द खरे असतात, वाक्य पुरं असतं. बदलतो तो सूर. तान्ही मुलं अशा बोलण्याकडे जास्त लक्ष देतात, हे प्रयोगांतही दिसलंय. तेव्हा आजीचा हेल खुशाल चालू द्या.

बोबडं बोलणं वेगळं. दोन वर्षांची मुलगी खिडकीतून ओरडते, 'तावला उदाला!' आपण कौतुकाने म्हणतो, 'उदाला का तावला?' तिला मिळाला तिचाच उच्चार. त्यापेक्षा 'अगं बाई, उडाला कावळा? कुठे गेला गं?' म्हणा. 'नीट म्हण' असं न दटावता नीट उच्चार कानावर जातो, वर गप्पाही पुढे सरकतात. शिवाय आपल्याकडे कावळा उडाला, चिमणी उडाली, पाखरू उडालं! हा घोळ पुरी वाक्यं ऐकून ऐकूनच सुटतो. दोन वर्षांच्या पोराला व्याकरण कोण शिकवणार?

गंमत म्हणजे आपली नक्कल खुद्द मुलांनाही पटत नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली एका मुलाची गोष्ट नोंदवली. तो 'फिश'ला 'फिस' म्हणे. मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की मात्र हटून बसे. 'फिश' म्हटल्यावरच त्याचं समाधान होई. जीभ वळत नव्हती, पण कान तयार होता.

मग मम्मं, भूभू, बाऊ, भुर्र यांचं काय? त्या मुलांच्या चुका नव्हेत. मोठ्यांनीच पिढ्यान् पिढ्या मुलांसाठी राखलेले शब्द आहेत. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४मध्ये मराठी बालबोलीवर स्वतंत्र लेखच लिहिला होता. मला तरी त्यात वावगं काही दिसत नाही. फक्त नुसतं 'भूभू, भूभू' करण्यापेक्षा 'भूभू बघ कसा शेपटी हलवतोय' म्हणावं. यथावकाश 'भूभू'चा 'कुत्रा' होतोच.

आणि बोलून झालं की जरा थांबावं. कित्येक घरांत सूर गोड, वाक्यं पुरी, पण पोराला तोंड उघडायला सवडच नसते. नुसतं 'अं' आलं तरी ते उत्तर धरा.

चार वर्षांचं झालं तरी परक्या माणसाला मुलाचं बोलणं फारसं कळत नसेल, तर हा वाद बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. ऐकू येण्याबद्दलच शंका असेल, तर चार वर्षांपर्यंत थांबूही नका.