दिवाळीत घरच्या घरी बाळासह कुटुंबाचा फोटो
(आमच्याकडून कॅमेरा भाड्याने नेऊन पहिल्यांदाच फोटो काढणाऱ्यांसाठी)

सहा-सात महिन्यांचं बाळ नव्या कपड्यांत, माणसांच्या गराड्यात फार तर पंधरा मिनिटं खुशीत असतं. मग टोपडं ओढायला लागतं आणि पाठोपाठ रडू येतं. त्यामुळे कॅमेऱ्याची सगळी जुळवाजुळव बाळ खोलीत येण्याआधीच उरका. आजीच्या मांडीवर बाळाऐवजी उशी ठेवून चार-पाच फोटो काढून बघा. बाळ सगळ्यांत शेवटी आणायचं.

वेळ
अभ्यंगस्नान झाल्या झाल्या फोटोचा घाट घालू नका. तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घातलेलं बाळ झोपणारच. झोप झाली, दूध पिऊन ढेकर निघाली, की अर्ध्या तासाने बसा. लक्ष्मीपूजनाची वेळ सगळ्यांनाच हवी असते, पण तोवर खिडकीतला उजेड गेलेला असतो आणि बाळ किरकिरं झालेलं असतं. सगळ्यांचा मोठा फोटो सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान काढा.

उजेड
सगळ्यांत मोठ्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, तोंडं खिडकीकडे तिरकी करून बसा. खिडकी पाठीमागे आली तर चेहरे काळे पडतात. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा जुनी सुती चादर लावा. ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे बंद ठेवा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट दिसतो. बऱ्याच स्वस्त एलईडी माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर (फोटो टिपताना उघडझाप करणारा पडदा) वेगवान असलं की काही फोटोंत माळ पेटलेली दिसते, काहींत विझलेली. माळ हवीच असेल तर शटर १/१०० सेकंदावर आणा, मात्र बाळाचे हात थोडे हलल्यासारखे येतील.

कपड्यांबाबत एक गोष्ट सहसा फोटो छापून आल्यावरच लक्षात येते. हिरव्या पैठणीवर बाळ घेतलं की हनुवटीखाली आणि गालावर हिरवट छटा उतरते. मांडीवर पांढरं दुपटं पसरलं की ती जाते.

कॅमेरा
सोबतच्या १८-५५ लेन्सचं झूमचं वलय ३५ च्या आकड्यावर ठेवा, एफ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) ५.६, शटर १/२५०, ऑटो आयएसओची (उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतः वाढवतो ती संवेदनशीलता) कमाल मर्यादा ३२००. कॅमेरा कुटुंबापासून नऊ-दहा फुटांवर, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला. यात पुढे-मागे मिळून साधारण चार फुटांतलं सगळं स्पष्ट येतं, म्हणून दोन रांगा चालतात. ५० एमएम एफ १.८ लेन्स बरेच जण हौसेने मागतात. एकट्या बाळासाठी ती छानच, पण साडेसहा फुटांवरून एफ १.८ ला पुढे-मागे मिळून जेमतेम चार इंचांतलंच स्पष्ट येतं. बाळाचे डोळे टिपले तर मागचे बाबा धूसर. फोकस नेहमी बाळाच्या डोळ्यावर. फोटो थोडा दाणेदार आला तर आठ बाय दहा इंचांच्या प्रिंटमध्ये ते जाणवत नाही. हललेला हात मात्र जाणवतो.

कॅमेऱ्यावरच उघडणारा पॉप-अप फ्लॅश वापरू नका. तो चेहरे सपाट करतो आणि मागच्या भिंतीवर सावल्या टाकतो.

बसणं
आजी-आजोबा खुर्चीवर, बाळ आजीच्या मांडीवर, आई-बाबा दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर. सगळे उभे राहिले तर बाळ कुठेतरी पोटाशी हरवतं. बाळाने मान धरली नसेल तर ते आडवंच घ्या आणि डोकं खिडकीच्या बाजूला नको, पाय त्या बाजूला ठेवा. उजेड पायांकडून आला की कुंचीची सावली चेहऱ्यावर पडत नाही. लाळेरं शेवटच्या क्षणी काढा. काजळाच्या तीटेवरून आजींशी वाद घालू नका, त्यात पाच मिनिटं जातात.

मोठ्यांची हमखास चूक म्हणजे सगळे बाळाकडे बघत बसतात. बाळ नेमकं कॅमेऱ्यात बघतं आणि त्या एकाच फोटोत बाकी सगळ्यांच्या माना खाली. आधीच बजावून ठेवा: बाळ काहीही करो, मोठ्यांची नजर लेन्सवर. बाळाला हाक एकानेच मारायची, तीही लेन्सच्या अगदी वर खुळखुळा धरून. टायमर वापरणार असाल तर १० सेकंद आणि सलग फोटो असा पर्याय निवडा. रांगतं बाळ असेल तर कॅमेऱ्याचा गळपट्टा स्टँडवरून लोंबकळू देऊ नका, ते तोच पहिला ओढतं.

पणत्यांचा फोटो
पणत्या बाळाजवळ ठेवायची गरज नाही. लेन्सपुढे दोन फुटांवर पाटावर तीन पणत्या ठेवा, बाळ मांडीवर घेऊन पणत्यांच्या सहा-सात फूट मागे बसा, लेन्स ५५ वर, फोकस बाळावर. ज्योती पिवळे मोठे ठिपके होऊन जवळच असल्यासारख्या दिसतात. बाळाच्या चेहऱ्यासाठी बाजूला पिवळ्या बल्बचा टेबललॅम्प लावा. शटर १/१२५, आयएसओची मर्यादा ६४००. फुलबाजी आणि बाळ एका फोटोत नकोच. रांगोळीवरही बसवू नका, मूठ सरळ तोंडात जाते.

छपाई
कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन प्रमाणात असतो. आठ बाय दहाला त्याच्या लांब बाजूची कड कापली जाते, म्हणून दोन्ही टोकांना हातभर जागा मोकळी सोडा. बारा बाय अठराला काही कापावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी फोटो आकसतो. कॅमेरा परत देण्याआधी कार्डातले फोटो उतरवून घ्या. पुढच्या ग्राहकाला देताना आम्ही कार्ड पुसतो.