हात लागला म्हणून कोंबडी अंडी सोडून जात नाही

कोंबडी गवताच्या गंजीत, माळ्यावरच्या जुन्या टोपलीत नाहीतर लाकडांच्या ढिगामागे अंडी घालू लागली, की ऐकायला मिळतं: "अंड्यांना माणसाचा हात लागला, म्हणून तिनं जागा सोडली." हे खरं नाही. गावोगावी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली दुसऱ्या कोंबडीची, अगदी बदकाचीही अंडी हातानंच ठेवतात आणि ती उबवते. कोंबडीची 21 दिवसांत फुटतात, बदकाची साधारण 28. तरी ती बसून राहते, हे मला फार विलक्षण वाटतं.

तिला हवा असतो अंधार, आडोसा आणि शांतता. खुराड्यात उजेड, गर्दी किंवा पिसवा-गोचीड असतील तर ती अडगळ शोधणारच. रोज सगळी अंडी उचलून घरटं रिकामं केलं, तरी ती जागा बदलू शकते. तिथे कारण रितं घरटं असतं, हाताचा वास नव्हे. म्हणून एखादं खुणेचं अंडं मागे ठेवावं.

अडचणीच्या जागी बसलेली खुडूक हलवायची तर रात्री, अंधारात, अंड्यांसकट हलवा. नवी जागा बंदिस्त हवी, मुंगूस-मांजर पोहोचणार नाही अशी. दाणापाणी जवळच ठेवा.