खिडक्या कमी करायच्या की खिडक्या लहान करायच्या?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्यावर, छोट्या गावाची बाजारपेठ उभारायला घेतली की पहिली अडचण जागेची येते. एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं माप. दीडशे मीटर लांबीचा बाजाररस्ता या मापात जवळजवळ पावणेदोन मीटर होतो. तोच रस्ता प्रेक्षकापासून आत जाणारा असेल, तर 60 सेंटीमीटर खोलीच्या फळीवर खऱ्या रस्त्याचे जेमतेम 52 मीटर मावतात. मग बाजारपेठ आखडती घ्यावी लागते आणि तिथे दोन युक्त्यांची गल्लत होते: सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशन आणि फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह. दोन्हींमुळे इमारत लहान होते, म्हणून ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. तसं समजून बांधलेला रस्ता खटकत राहतो, आणि नेमकं काय खटकतंय ते लवकर सापडत नाही.

कॉम्प्रेशनमध्ये संख्या घटते, माप तेच राहतं. कोपऱ्यावरच्या बँकेला मूळ सात खिडक्या असतील तर मॉडेलमध्ये पाच ठेवायच्या, पण प्रत्येक खिडकी पूर्ण मापाची. सव्वादोन मीटरच्या आसपासचं दार एचओमध्ये 25-26 मिलिमीटरचं होतं, ते तेवढंच राहिलं पाहिजे. सातावरून सहावर मात्र येऊ नये. दार मधोमध असलेल्या इमारतीत खिडक्यांची ओळ विषम असते. सम संख्या केली की दाराची मधली जागाच जाते आणि इमारतीचा चेहरा बदलतो. जिच्यामुळे इमारत ओळखू येते त्या खुणेला कात्री लावायची नाही: छताखालची नक्षीची पट्टी, घड्याळाचा मनोरा, दुकानापुढचं कापडी छत. कापायचं ते एकासारखं एक असलेलं. दुकानाची दर्शनी रुंदी मी समोर उभ्या मोटारीच्या लांबीपेक्षा, म्हणजे एचओमध्ये साधारण 52 मिलिमीटरपेक्षा, कमी होऊ देत नाही. त्याखाली गेलं की दुकान टपरीसारखं दिसायला लागतं.

फोर्स्ड पर्स्पेक्टिव्हमध्ये मापच बदलतं. पुढची दुकानं 1:87, त्यामागची टीटी म्हणजे 1:120, आणि अगदी शेवटची एन म्हणजे 1:160. दार 26 वरून 19 आणि मग 14 मिलिमीटरवर येतं. खिडक्यांची संख्या कमी करायची गरजच नसते. पण इमारतीबरोबर बाकीचं सगळं लहान व्हावं लागतं: पाट्यांवरची अक्षरं, दिव्यांचे खांब, मोटारी, माणसं, रस्त्याची रुंदीसुद्धा. रंगही मागे जाताना फिकट आणि किंचित निळसर हवेत. एक मोठी मोटार चुकून मागे राहिली की सगळा आभास कोसळतो. माप बदलण्याची जागा आडव्या गल्लीत किंवा झाडामागे लपवली, तर दोन मापं शेजारी-शेजारी दिसत नाहीत.

शंका आली तर 1:87 चं माणूस दाराशी उभं करून पाहावं. सहज आत जाईल असं वाटलं तर ते कॉम्प्रेशन. चौकटीत डोकं आपटलं तर पर्स्पेक्टिव्ह.

पर्स्पेक्टिव्हसाठी पाहणाऱ्याचा डोळा ठरावीक जागीच असावा लागतो, आणि माझ्या मते इथेच बहुतेक लेआउट फसतात. रोमच्या पलाझ्झो स्पादा या महालात वास्तुकार बोरोमिनीने सतराव्या शतकात बांधलेला स्तंभांचा मार्ग नऊ मीटरही लांब नाही, पण तोंडाशी उभं राहिलं की त्याच्या कितीतरी पट लांब भासतो. कुणी चालत टोकाला गेलं की ते माणूस राक्षसाएवढं दिसतं आणि गुपित फुटतं. 1955 मध्ये उघडलेल्या डिस्नीलँडची मेन स्ट्रीट म्हणजे छोट्या गावाची बाजारपेठच. तिथे लोक दोन्ही टोकांकडून चालतात, त्यामुळे रस्त्याच्या लांबीत माप घटवता येत नाही. ते उंचीत घटवलं आहे, वरचे मजले खालच्यापेक्षा लहान. ती युक्ती लेआउटवर तशीच उचलली तर उलटते, कारण लेआउट आपण बहुधा वरून पाहतो. वरचा मजला आपल्या डोळ्याला जवळचा असतो आणि त्याचं लहानपण लगेच उघडं पडतं. फळी छातीच्या उंचीवर असेल तर थोडंफार चालतं.

म्हणून रुळांना समांतर जाणाऱ्या, दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या दुकानांच्या रांगेला मी फक्त कॉम्प्रेशन लावतो. प्रेक्षकापासून सरळ आत जाणारी, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतूनच दिसणारी गल्ली असेल तर पर्स्पेक्टिव्ह सुंदर काम करतं. दर्शनी भिंत आणि दोन-चार सेंटीमीटर खोली एवढंच बांधून मागच्या पडद्याला टेकवलेली इमारत, जिला लो रिलीफ म्हणतात, ती या दोन्हींहून वेगळी: तिच्यात फक्त खोली कापलेली असते आणि ती दोन्ही पद्धतींबरोबर चालते.

दोन्ही एकाच रस्त्यावर वापरायच्या असतील तर आधी काटछाट करावी, मग माप उतरवावं. सात खिडक्यांची बँक पाच खिडक्यांची करून झाल्यावर तिचा टीटी अवतार काढला तर तो पुढच्या दुकानांच्या ओळीत शोभतो. काटछाट न करता थेट माप उतरवलं तर मागची इमारत लहान मापाची असूनही सात खिडक्यांमुळे पुढच्या इमारतींहून मोठी वाटते, आणि नजर गल्लीत शिरायच्या ऐवजी तिच्यावरच अडते.