कडीकडं नाही, कब्ज्याकडं बघा

दारात बोट सापडू नये म्हणून घरोघरी एकच ओरड असते, "कडीपाशी हात नको नेऊ रे". पण जास्त धोका असतो दुसऱ्या बाजूला, कब्ज्याकडे, जिथं दार बिजागरीनं चौकटीला जोडलेलं असतं. तिकडे कोणाचं लक्षच नसतं, कारण दार लावणारा माणूस कडी धरून उभा असतो अन लेकरू दाराच्या आड.

गणित साधं आहे. तीन फुटाचं दार म्हणजे साधारण 90 सेंटिमीटर. कडीपाशी तुम्ही फक्त 2 किलोचा जोर लावला अन बोट कब्ज्यापासून दीड सेंटिमीटरवर फटीत असलं, तर 90 भागिले 1.5 म्हणजे 60 पट, बोटावर जवळपास 120 किलो. अडकित्त्यात कडक सुपारी बिजागरीजवळ सरकवतो ते याच्याचसाठी. कडीकडच्या बाजूला दार आपटलं तर नख काळंनिळं होते, हाडही मोडू शकते, पण कब्ज्याकडे बोटाचं टोकच तुटायची भीती जास्त. आणि लावणाऱ्याला कळतही नाही, हाताला जरासं जड लागते, वाटते उंबरठ्यात खडा अडकला असंल, म्हणून तो अजून जोरानं ढकलतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात तर माणूसही लागत नाही. ताशी 20 किलोमीटरचा वारा थेट दारावर आला तर त्याचा एकूण जोर 3 किलोच्या वर जाते, तो दाराच्या मध्यावर लागतो असं धरलं तरी कब्ज्याजवळ 90-100 किलो होतात, अन वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यात चैत्र-वैशाखात प्रत्येक घरी कूलर. कूलर खोलीत हवा कोंबतो, ती हवा बाहेर पडायला वाट शोधते, म्हणून आपण दार अर्धं उघडं ठेवतो, ते हलत राहते अन कोणी मागचं दार उघडलं की धाडकन आपटते. घरकुलातलं लोखंडी दार असलं तर वजन अजून जास्त.

लेकराला सांगून उपयोग का होत नाही तेही समजून घ्या. नऊ-दहा महिन्यांचं झालं की ते चिमटीत वस्तू पकडायला शिकते, प्रत्येक फटीत, भोकात बोट घालून पाहते, चौकट धरून उभं राहते. दाराचं तिकडचं टोक हललं की इकडची फट मिटते हे त्याला कळायचं वयच नसते. आई वावरात निघाली की तिच्यामागं धावते, दाराआड लपून बुवाकुक खेळते, अन कापूस वेचणीच्या दिवसात त्याला सांभाळणारं मोठं भावंडंही सहा-सात वर्षांचंच असते. त्याला बोल लावू नका, दारच नीट करा.

सायकलची जुनी ट्यूब उभी कापा, तिची पट्टी कब्ज्याकडच्या फटीवर खालपासून चार फुटापर्यंत लावा, एक कड दारावर अन एक चौकटीवर. पट्टी दार पूर्ण उघडून मोजायची, बंद दारावर मापली तर उघडताना फाटते. लोखंडी दाराला रिबीट मारून घ्या. कडीकडच्या बाजूला दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकला की दार पूर्ण लागतच नाही. बाजारात फोमचे तुकडे मिळतात, ते लावायचे तर लेकराच्या हाताला येणार नाही इतके उंच लावा, कारण पोट्टे ते चावतात अन तुकडा घशात अडकतो. दार उघडं ठेवायला दगड नको, भिंतीला आकडा ठोका.

अंगणवाडीत हे जास्तच गरजेचं आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना सुरू झाली, आज गावोगावी 3 ते 6 वर्षांची लेकरं एका खोलीत बसतात अन सुटायच्या वेळी सगळी एकदम दाराकडे धावतात. शेवटचं पोरगं बाहेर पडेपर्यंत दार आकड्यात अडकवलेलं असावं अन मदतनीस ताईनं कब्ज्याच्या बाजूला उभं राहावं. रुळावर सरकणारं फाटक असंल तर टोकाला अडणी आहे का ते आजच पाहा, नसली तर फाटक रुळावरून उतरून अंगावर पडू शकते.

तरी बोट सापडलंच, तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. तुकडा तुटला असंल तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घाला अन ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, तुकड्याला बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. रडते म्हणून चहा-बिस्कीट देऊ नका, टाक्यांसाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागते. 108 ला फोन करा, लसीचं कार्ड सोबत घ्या.

नख मुळातून उचकटलं अन बोटाचं टोक खाली वाकलं असंल तर नुसती पट्टी बांधून परत येऊ नका, एक्स-रे काढायला सांगा. लहान मुलांच्या बोटाच्या शेवटच्या हाडात वाढीचा थर नखाच्या मुळाखालीच असतो, तिथं हाड मोडलं की जखम आतपर्यंत उघडी असते. सेमूर नावाच्या डॉक्टरनं 1966 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला सेमूर फ्रॅक्चर म्हणतात. वरून नुसतं नख निघाल्यासारखं दिसते, पण राहून गेलं तर हाडात पू होतो अन बोटाची वाढ थांबू शकते.